पोस्टकार्डाएवढी आई

"साहेब, यातला कोणताही घेतलात तरी पस्तावणार नाही," दुकानदार म्हणाला. "फक्त एवढं सांगा, तुम्हाला काढायचं काय आहे?"

दोन कॅमेरे काचेवर शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्ही चंदेरी, दोन्ही साबणाच्या वडीएवढे, दोन्हींच्या कडेला काळी दोरी. डावा सहा मेगापिक्सेलचा, त्याचा झूम चार पट. उजवा सात मेगापिक्सेलचा, त्याचा झूम तीन पट. या दोघांत मी पाच आठवडे अडकलो होतो. एम.जी. रोडवरच्या या दुकानात तीनदा येऊन गेलो होतो, सायबर कॅफेत बसून दोघांविषयी जगातली माणसं काय म्हणतात ते वाचलं होतं, आणि दर वेळी एकाचा एक गुण सापडला की दुसऱ्याचाही एक सापडायचा. काढायचं काय आहे, हे मात्र मी स्वतःला विचारलं नव्हतं. घरगुती, सणवार, असलं काहीतरी मी सांगणार होतो. तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरून नाना, माझे वडील, म्हणाले, "ह्याच्या आईचा फोटू. मोठा पायजे. भिंतीवर लावायचा हाय."

"मग प्रश्नच मिटला," दुकानदार म्हणाला. "आईंना घेऊन या एकदा. दोन्हीतून काढून दाखवतो, इथंच. तुम्हीच सांगा मग कोणता चांगला."

आईला जाऊन चौदा महिने झाले होते. नानांनी दुकानदाराची चूक दुरुस्त केली नाही. त्यांनी टोपी काढली, आतला घाम पंज्याने पुसला आणि पुन्हा घातली. पंख्याची हवा काचेवरच्या माहितीपत्रकांची एकच कड वर उचलत होती आणि सोडत होती, उचलत होती आणि सोडत होती. मी समजत होतो की नाना स्वतःचा फोटो काढून घ्यायला तयार झालेत. 'ज्ञान्या, मोठा कॅमेरा घे,' असं ते वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, पुन्हा नागपंचमीला म्हणाले, आणि आज सकाळी मखमलाबादहून माझ्या स्कूटरवर मागे बसून दुकानापर्यंत आले, तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं की म्हाताऱ्याला कळलंय. चौऱ्याहत्तर वय, एका डोळ्यात मोतीबिंदू. आईच्या वेळी जे झालं ते आपल्या वेळी नको, असं त्यांना वाटत असणार, फक्त तोंडाने म्हणता येत नाही. मलाही म्हणता येत नव्हतं. आमचं न बोलता ठरलंय, अशा समाधानात मी पाच आठवडे काढले. आणि नाना ते पाच आठवडे आईची वाट बघत होते.

मोठा कॅमेरा आला की तिचा जुना फोटो मोठा होणार. त्यांचा हिशोब सरळ होता. आमच्या विहिरीवरची जुनी मोटर वरच्या वाफ्यापर्यंत पाणी चढवत नव्हती, ती काढून मोठी बसवली, आणि त्याच विहिरीतलं तेच पाणी शेवंतीपर्यंत गेलं. तसंच हे. आई आत आहेच. ओढणारं यंत्र लहान पडतंय.

पण हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून? मोटरीवरून आलं, असं मी आता म्हणालो. ते खोटं आहे. माझ्यामुळे आलं.

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी आणि नाना पंचवटीत निवृत्तीच्या स्टुडिओत गेलो होतो. दहाव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा होता, भिंतीवर लावण्याएवढा, काचेच्या फ्रेमचा. निवृत्तीने माझ्या सीडीवरचा फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर उघडला आणि ताणला. आई मोठी झाली आणि त्याच वेळी नाहीशी झाली. कपाळावरच्या कुंकवाचा एक तांबडा चौकोन झाला, डोळ्यांच्या जागी चार चार करडे चौकोन, हसण्याच्या पायऱ्या झाल्या. निवृत्ती मागे रेलला. "नाही होत, ज्ञानेशभाऊ. लहान आहे." नानांनी विचारलं, "काय लहान हाय?" निवृत्तीने माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मी म्हणालो, "कॅमेरा, नाना. कॅमेरा लहान पडला." निवृत्ती भला माणूस, त्याने मान हलवली. पोस्टकार्डाएवढा फोटो केला, त्याच्याभोवती खूप पांढरा कागद सोडला आणि मोठ्या फ्रेममध्ये बसवून दिला. खिडकीतून लांबवर कुणी उभं असावं तशी आई त्यात दिसायची.

कॅमेरा लहान नव्हता. दोन मेगापिक्सेलचा होता, भिंतीवरच्या फोटोला तेवढे पुरतात. मीच तो लहानावर ठेवला होता.

हे नीट सांगायला पाहिजे. मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये माल तपासतो. बारा-तेरा वर्षं झाली. माल परदेशात जातो, आणि कंटेनर भरताना पेट्यांचे, लेबलांचे, सीलचे फोटो काढून तिकडच्या व्यापाऱ्याला मेल करावे लागतात. दोन हजार एकला मी कॅमेरा घेतला तेव्हा पॅकहाउसला फोनच्या लाइनवरचं इंटरनेट होतं. मोठा फोटो जायला अर्धा तास, आणि एकोणतिसाव्या मिनिटाला लाइन तुटायची. लहान साईज ठेवली की तोच फोटो दोन मिनिटांत जाई. शिवाय कार्ड सोळा एमबीचं. मोठ्यात पंचवीस फोटोंत भरायचं, लहानात दोनशे चाळीस मावायचे. मी मेनूत जाऊन साईज लहान केली. सगळ्यात लहान. तिथे एक छोटासा चौकोन दिसायचा, त्यावर येऊन बटण दाबलं, झालं. मग रविवारी तोच कॅमेरा गळ्यात घालून मी मळ्यात जायचो आणि शेवंती तोडणाऱ्या आईसमोर उभा राहायचो. तो छोटा चौकोन तसाच मागच्या पडद्याच्या कोपऱ्यात असायचा. मला तो दिसायचा. विसरलो होतो असं म्हणावंसं वाटतं, पण दिसायचा. दोनशे चाळीस मावतात, मग कशाला, असं वाटायचं. काढले किती, तर तिचे अकरा.

अकरांपैकी चार हललेले. त्या कॅमेऱ्याला बटण दाबल्यावर विचार करायची सवय होती. दाबलं की आत काहीतरी कुरकुरायचं, पुढे यायचं, मागे जायचं, आणि मग फोटो निघायचा. तेवढ्या वेळात आई पुन्हा कामाला लागलेली असायची. "झालं का रे?" ती विचारायची, आणि 'रे'वर फोटो निघायचा, म्हणून चार फोटोंत तिचं तोंड 'रे'एवढं उघडं आहे. एकात ती पाटी डोक्यावरून उतरवते आहे आणि चेहऱ्यावर पाटीची सावली. एक चांगला आहे. विहिरीच्या कठड्याला टेकून, पदर नीट घेऊन, ऊन डोळ्यावर आल्यामुळे एक डोळा किंचित बारीक. हाच तो, निवृत्तीने ताणलेला. काढल्यावर तिने हात पुढे केला. "दाखव." मी कॅमेऱ्याच्या मागची काच दाखवली, आगपेटीएवढी. तिने हाताची ओंजळ करून उन्हाला आडोसा केला आणि वाकून पाहिलं.

"एवढीशीच?"

"नंतर मोठी करता येते," मी म्हणालो.

"बघ बरं. नायतर लोक म्हणतील, आक्काबाई होती तरी का."

ती हसली. मला वाटतं हसली. नाही, हसली, कारण पुढच्या फोटोत, जो हललेला आहे, दात दिसतात.

घरातल्या कुणीही तिला कधी स्टुडिओत नेलं नाही. थोरला भाऊ म्हणायचा, ज्ञान्याकडे कॅमेरा आहे. वहिनी म्हणायची, भाऊजी काढतील. बारशाला, साखरपुड्याला, नव्या ट्रॅक्टरच्या पूजेला भाड्याचा फोटोग्राफर बोलवायचं चाललं की आईच म्हणायची, "घरात येक पोरगा बसलाय ना फोटू काढायला." माझ्याजवळ कॅमेरा नसता तर तिचा एक तरी फोटो नीट निघाला असता. या वाक्याभोवती मी खूप फिरलो. त्याला दुसरी बाजू असेल म्हणून फिरलो. नाही सापडली.

वर्षश्राद्धाला काय झालं तेही सांगतो. आमच्यात फुलांचे मळे असलेल्या सगळ्यांची रीत अशी की कुणी गेलं की प्रत्येक जण आपापल्या मळ्यातल्या फुलांचा हार आणतो. विकतचा चालत नाही. आपल्या वाफ्यातलं फूल, आपल्या घरच्या बायकांनी ओवलेलं. आणि हार कोण किती भरघोस आणतो यात कुणी बोलून दाखवत नाही अशी चुरस असते. सकाळी नऊपर्यंत बावीस हार आले. झेंडूचे, शेवंतीचे, एक नुसत्या गुलाबाचा, मनगटाएवढा जाड. फ्रेम मोठी होती, तिने ते पेलले. पण आई पोस्टकार्डाएवढी. तिसऱ्या हारात ती गेली. मग माणसं येत होती, झेंडूला नमस्कार करत होती, आणि नाना पाटाशेजारी बसून दर थोड्या वेळाने एका बोटाने हार बाजूला सारत होते. फुलं आपल्या वजनाने परत खाली यायची. नाना परत सारायचे. कुसाबाई, आमची लांबची आत्या, शेवटी म्हणाली, "बहिरूदादा, राहू द्या आता. दिसली समद्यांना." नाना म्हणाले, "कुठं दिसली?" दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, मोठा कॅमेरा घे. तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, बघू, दोनतीन चांगले आलेत बाजारात.

सहा की सात. चार पट की तीन पट. माणसाला दोन सारख्या वस्तूंत इतका वेळ अडकून राहता येतं याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. जोवर मी निवडत होतो तोवर नाना थांबायला तयार होते.

"जुना आणलाय ना?" दुकानदार विचारत होता. "एक्स्चेंजमध्ये धरतो. चालू असला पाहिजे मात्र." मी पिशवीतून जुना कॅमेरा काढला. त्याने तो उलटापालटा केला, सेलचं झाकण उघडलं, मिटलं. "जड आहे हो. तेव्हाचे असेच यायचे. अरे, कार्ड आतच आहे साहेब, काढून घ्यायचं. थांबा, चालतो का बघू." आणि त्याने ते कार्ड स्वतःच्या कॉम्प्युटरला लावलं. मी "नको" म्हणालो. म्हणालो का? तोंड उघडलं होतं एवढं आठवतं.

पडद्यावर द्राक्षं आली.

एकच घड, पडदाभर. गेल्याच्या गेल्या मोसमातला, मार्चमधला. निफाडकडच्या एका बागेतला लॉट आम्ही नाकारला होता आणि मुंबईच्या ऑफिसला खराबी स्पष्ट दाखवायची होती, तेव्हाचा. असले फोटो मेलने जात नसत. सीडी करून कुरियरने जात, म्हणून ते मोठ्या साईजवर काढायचे. मेनूत जायचं, मोठा चौकोन, खराब घडाचे चारपाच फोटो, की परत छोटा चौकोन, कार्ड भरायला नको म्हणून. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. बोटांना पाठ झालं होतं, बघावंही लागत नव्हतं. दुकानदाराने घड आणखी ताणला. तो फाटला नाही. एका मण्याच्या देठाजवळ तडकलेली साल, तिच्या कडेची राखाडी भुकटी, मण्यावर खिडकीच्या उजेडाचा ठिपका. चौकोन कुठेच नाही.

"बघा!" दुकानदार खूश झाला. "जुनं ते जुनं. काय क्लिअर आहे!"

नाना स्टुलावरून उठले आणि पडद्याशी गेले. चांगला डोळा त्यांनी पुढे केला. शेतकऱ्याला दुसऱ्याच्या मालातला रोग आधी दिसतो.

"भुरी हाय," ते म्हणाले. "देठापासून धरलीया." मग तसेच वाकून म्हणाले, "ह्यो कंच्या कॅमेऱ्याचा?"

"हा काय, तुमच्याच जुन्याचा, बाबा."

"ह्योच?"

"हाच."

"आता ह्याच्या आईचा लाव."

दुकानदाराने बाण पुढे पुढे दाबला. पेट्या, पेट्या, लेबल, सील, विहिरीचा कठडा. आई पडद्याच्या मधोमध आली, पोस्टकार्डाएवढी, भोवती काळं. त्याने सवयीने ताणली. कुंकवाचा चौकोन झाला. "हां, हा लहान साईजवर काढलाय," तो सहज म्हणाला, त्याच्या रोजच्या आवाजात. "सेटिंग लहान राहिलं असेल साहेबांकडून. होतं असं. परत काढून घ्या की, घरातलंच माणूस आहे."

"ती गेली," नाना म्हणाले.

दुकानदाराचा हात माऊसवरून उठला. त्याने आईला परत लहान केली, फार हळू, जणू तिला दुखेल, आणि पाणी आणतो म्हणून तो आत गेला. मी काचेवरच्या दोन कॅमेऱ्यांकडे बघत होतो. दोन्हींच्या भिंगांत दुकानाचं दार उलटं दिसत होतं आणि दारात उलटी रिक्षा.

"तवा बी मोठा निघत हुता?" नानांनी विचारलं.

"हो."

"निवृत्तीकडं गेलतो तवा तुला म्हाईत हुतं?"

"हो, नाना."

ते पुन्हा पडद्याकडे बघू लागले. आई तिथे एक डोळा बारीक करून उभी होती. "मंग द्राक्षाचा मोठा काढला अन् तिचा बारीक, ह्ये कसं झालं?" त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते खरोखरच विचारत होते, एखादा वाफा पाणी का धरत नाही हे विचारावं तसं. मीही तसंच, खरं ते उत्तर दिलं, आणि ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

"तिचा कुठं पाठवायचा नव्हता, नाना."

रस्त्यावर कुणीतरी रिव्हर्स घेत होतं, त्या गाडीचं गाणं वाजून संपलं. दुकानदार दोन ग्लास घेऊन आला आणि आमच्यापासून जरा लांब उभा राहिला. मग कुणीतरी काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "मग साहेब... कोणता बांधू?"

"कंचा बी बांध," नाना म्हणाले. "दोन्ही सारकेच हायेत. त्यो जुना तेवढा इकडं दे. त्यात आमचं माणूस हाय."

मी बोट दाखवलं. डाव्याला की उजव्याला, ते दुकानदाराला कळलं असावं, कारण त्यातला एक त्याने खोक्यात घातला. कार्ड त्याने जुन्यात परत बसवलं आणि तो कॅमेरा दोन्ही हातांनी नानांकडे दिला. मी पिशवी पुढे केली. नानांनी तो पिशवीत टाकला नाही. दुकानाच्या पायरीवर मी म्हणालो, "नाना, घरी गेल्यावर तुमचा एक काढू. विहिरीपाशी. मोठा." माझा आवाज मला दुकानदारासारखा वाटला.

"माझा नगं," ते म्हणाले.

"का?"

"कशाला? मला बी कुठं पाठवायचं नाय."

स्कूटर सुरू केली. रविवार कारंजा, होळकर पूल, पुलावर समोरून फुलांचे रिकामे टेम्पो. मला नानांचा चेहरा दिसत नव्हता, आरसा माझ्याच खांद्याने भरला होता. नाना मागे बसले की माझा डावा खांदा धरतात. लहानपणी मी त्यांच्या सायकलवर पुढे बसायचो तेव्हापासून मला त्यांच्या पंज्याचं वजन माहीत आहे, खड्डा आला की ते वाढतं. पुलावर खड्डा आला. मालेगाव स्टँडच्या उतारावर दोन आले. खांद्यावर काही आलं नाही. एका हातात त्यांनी कॅमेरा धरला असणार आणि दुसऱ्या हाताने मागची स्टेपनी. दोन्ही हात अडकले आहेत म्हणून, असं मी मखमलाबाद नाक्यापर्यंत स्वतःला सांगत राहिलो, आणि नाक्याच्या पुढे रस्ता चांगला होता.